पर्यावरणपूरक सभा-संमेलनं, ठाणे आणि नवी मुंबई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीची वार्षिक सभा, ज्ञातीचा मेळावा, डॉक्टरांची परिषद, कंपनीची डीलर मीट, माजी विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन असं काही भरवणारी मंडळी कामाच्या निमित्ताने जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कार्यक्रमांची व्यवस्था पाहणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे उत्तरांत हिशेब आहे आणि माझी मतंही आहेत. मतं पटली नाहीत तर सोडून द्या, हिशेब मात्र तपासून पाहा.

पर्यावरणपूरक कार्यक्रम म्हणजे नेमकं काय? प्लॅस्टिक टाळलं आणि रोपं वाटली की झालं ना?

नाही. प्लॅस्टिक टाळणं हा कायदाच आहे, त्याचं कौतुक कसलं. आणि रोपांबद्दल पुढे बोलूच.

कार्यक्रमाचा भार चार ठिकाणी पडतो: माणसं कशी आली, काय शिजलं आणि त्यातलं किती टाकलं, वीज आणि डिझेल किती जळलं, आणि दोन दिवसांसाठी उभारलेलं सामान तिसऱ्या दिवशी कुठे गेलं. छापील कागद या यादीत फार खाली येतो, पण समितीच्या बैठकीत पहिला विषय नेमका तोच निघतो.

एक हिशेब करू. दोनशे जणांना चोवीस पानी अहवाल छापून दिला तर पाठपोट मिळून २,४०० कागद लागतात. वजन साधारण १२ किलो. आता त्याच परिषदेला पुण्याहून चाळीस जण आपापल्या गाडीने वाशीला आले असं धरा. जाऊन-येऊन २४० किलोमीटर, गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे गाडीमागे १६ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. चाळीस गाड्यांचा होतो जवळपास दीड टन. तेच चाळीस जण एका बसने आले, तर बस लिटरला चार देते असं धरून ६० लिटर डिझेल लागेल. डिझेलचे लिटरला सुमारे २.७ किलो, म्हणजे सगळे मिळून १६० किलोच्या आसपास. अहवाल छापू नका, ते चांगलंच आहे. पण बस ठरवण्याआधी कागदावर तासभर चर्चा करू नका.

हॉल निवडताना काय बघायचं?

स्टेशनपासूनचं अंतर. बाकी सगळं नंतर.

हॉलवाला तुम्हाला झुंबर, लॉन आणि पार्किंग दाखवतो. तुम्ही त्याला विचारा, स्टेशनवरून माणूस कसा येतो? वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर या बाबतीत नशीबवान आहे, वाशी स्टेशनला उतरलेला माणूस तिथे चालत जातो. ठाण्यात गडकरी रंगायतन मासुंदा तलावाच्या काठी आहे, स्टेशनवरून चालत जाण्यासारखं. उलट घोडबंदर रोडवर आतल्या बाजूचं लॉन घेतलंत की प्रत्येक जण रिक्षा, कॅब किंवा स्वतःची गाडी काढणार आणि वर कोंडीत अर्धा तास इंजिन चालू ठेवून बसणार. तिथे हॉल स्वस्त मिळतो खरा, पण ती बचत पाहुण्यांच्या खिशातून जाते.

आपल्या भागाला रेल्वेची काही उणीव नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटली ती ठाण्यालाच आली. आज मुख्य मार्ग आहे, हार्बर आहे, ठाण्याहून ऐरोली-रबाळे-घणसोली-कोपरखैरणे-तुर्भे असा ट्रान्स-हार्बर आहे, आणि बेलापूर-नेरुळकडून उरणपर्यंत लोकल जाते. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे, त्यामुळे खारघरमधला हॉलही आता रेल्वेच्या माणसाला परका नाही. ऐरोली, घणसोलीच्या आयटी पार्कमधल्या कंपन्यांनी आपला मेळावा ट्रान्स-हार्बरवरच ठेवावा. सगळ्यांना एखाद्या रिसॉर्टवर नेऊन तिथे ‘सस्टेनेबिलिटी’वर भाषण ठेवू नये, एवढीच विनंती.

एक खास आपल्याकडची गोष्ट. कार्यक्रम रविवारी असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद किंवा कमी, गृहीत धरा. ब्लॉक साधारण अकरा ते चारच्या सुमारास असतो आणि तो कुठल्या मार्गावर आहे हे जेमतेम एक-दोन दिवस आधी कळतं. सकाळी दहाला सुरू होऊन साडेचारनंतर सुटणारा कार्यक्रम यातून बहुतेक वाचतो. बारा वाजता ठेवलेला कार्यक्रम सगळ्यांना टॅक्सीत बसवतो. जमलं तर शनिवार पाहा. हार्बरवर ब्लॉक असला की ठाण्यामार्गे ट्रान्स-हार्बरने येण्याची मुभा बहुधा असते. शनिवारी संध्याकाळी हे सगळ्यांना ग्रुपवर कळवा.

निमंत्रणात मॅपची लिंक दिली की पुरेसं नाही का?

लिंक दिलीत की लोक गाडीच काढतात. त्याऐवजी लिहा: कुठल्या स्टेशनला उतरायचं, कुठल्या बाजूने बाहेर पडायचं, एनएमएमटी किंवा टीएमटीची कुठली बस, शेअर रिक्षा कुठून मिळते. पार्किंगची माहिती सगळ्यात शेवटी. पुण्या-नाशिककडच्यांसाठी ठाण्याला थांबणाऱ्या गाड्यांची नावं आणि वेळा द्या, एसटीच्या शिवनेरी बसचा थांबा सांगा. वयस्कर मंडळींसाठी स्टेशनपासून एखादी फेरी मारणारी गाडी ठेवा, म्हणजे ‘बाबांना चालवत नाही म्हणून गाडी काढली’ हे कारण उरत नाही.

सगळं ऑनलाइनच केलं तर?

अर्ध्या तासाचं प्रेझेंटेशन ऐकायला कुणाला दिल्लीहून विमानाने बोलवत असाल, तर ते ऑनलाइनच करा. साडेअकराशे किलोमीटर येणं, तेवढंच परत जाणं, आणि मधे चाळीस स्लाइड्स. पण ज्या सभेत माणसांना भेटायचं, भांडायचं, चहा पिताना काम काढून घ्यायचं असतं, ती पडद्यावर होत नाही. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय निघाला की कॅमेरा आणि माइक दोन्ही कुचकामी ठरतात, हे सगळ्यांनी करोनाच्या काळात पाहिलंय. वक्ते लांबचे आणि श्रोते जवळचे, अशी वाटणी बऱ्याचदा जमते.

जेवण वाया जाऊ नये म्हणून काय करायचं?

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त नासाडी इथे होते आणि ती थांबवणंही आयोजकाच्याच हातात असतं.

केटरर तुमच्याकडून ताटांची गॅरंटी घेतो. तीनशेची गॅरंटी दिलीत आणि दोनशेवीस आले, तरी पैसे तीनशेचे. तो स्वतःची अब्रू सांभाळायला त्यावर आणखी थोडं शिजवतो, कारण जेवण कमी पडलं तर बोल त्याला लागतो. तुम्हीही भीतीपोटी आकडा फुगवलेला असतो. दोन्हीकडची भीती मिळून जे पातेलं उरतं, ते रात्री अकराला हॉलच्या मागे दिसतं.

म्हणून आकडा खरा काढायचा. ‘येणार का?’ असं ग्रुपवर विचारलं की शंभर अंगठे येतात, त्याला काही अर्थ नाही. ‘जेवायला थांबणार का?’ हे प्रत्येकाला वेगळं विचारावं लागतं, फोन करून. कंटाळवाणं काम आहे, पण दोन कॉलेजच्या मुलांना दोन संध्याकाळ बसवलं की होतं. केटररशी बोलताना गॅरंटी थोडी खाली ठेवा आणि वर लागलं तर ताटामागे काय दर, हे आधी लिहून घ्या. आणि त्याला स्पष्ट सांगा की शेवटच्या अर्ध्या तासात एखादा पदार्थ संपला तर आमची तक्रार नसेल. हे वाक्य त्याने कुणाच्या तोंडून कधी ऐकलेलं नसतं. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो आणि पातेलं एक आकाराने लहान होतं.

मेन्यू आखूड ठेवा. चौदा पदार्थांच्या बुफेत माणूस सगळं चाखायला घेतो आणि अर्धं टाकतो. उष्ट्याच्या टबापाशी एकदा उभं राहून पाहा. पोळी जवळजवळ कधीच परत येत नाही. परत येतो तो पुलाव, पनीरची ग्रेव्ही, आणि एक घास मोडलेलं दुसरं गोड. म्हणजे काय कमी करायचं ते टबच सांगतो. भात वाढप्याच्या हातात द्या, गोड एकच ठेवा, ताट लहान घ्या. पंगत बसवणं शक्य असेल तर उत्तमच, मात्र आग्रह करणाऱ्या काकांना वाढायला उभं करू नका.

सकाळच्या सत्राला कांदेपोहे किंवा उपमा, दुपारी वरण-भात-भाजी-कोशिंबीर, यात लाजण्यासारखं काही नाही. शाकाहारी जेवणाचा पर्यावरणावरचा भार मटणाच्या जेवणापेक्षा पुष्कळ कमी असतो. आता आगरी-कोळी मंडळींच्या मेळाव्यात मासे नकोत असं मी म्हणणार नाही. मला त्याच भागात राहायचंय. तिथे मटणाऐवजी ताजी मासळी आणि तांदळाची भाकरी ठेवली तरी पुष्कळ झालं. स्थानिक बचत गटांच्या बायका हे फार चांगलं करतात. भाजी तुर्भ्याच्या एपीएमसीतूनच, म्हणजे घाऊक बाजारातूनच येते, त्यामुळे हंगामाची मागा. जूनमध्ये मटार मागितला तर तो गोठवलेलाच येणार.

अन्न उरलंच तर? १०९८ ला फोन करून देता येतं असा मेसेज आला होता.

तो मेसेज खोटा आहे. १०९८ हा संकटात सापडलेल्या मुलांसाठीचा क्रमांक आहे. उरलेला पुलाव न्यायला तिथून कुणी येत नाही, आणि तुमच्या फोनमुळे एखाद्या मुलाचा कॉल अडकतो. पुन्हा आला तर पुढे पाठवू नका.

रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवकांचे गट उरलेलं अन्न नेतात, पण त्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवावं लागतं. रात्री साडेअकराला फोन करून ‘ताबडतोब या’ म्हणणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात ठेवणं. दान द्यायचं ते न वाढलेलं, झाकलेलं, स्वयंपाकाच्या भांड्यातलं अन्न. बुफेवर दोन तास उघडं राहिलेलं नाही. गरम पदार्थ ६० अंशांच्या वर किंवा थंड ५ अंशांच्या खाली राहिले पाहिजेत, मधल्या तापमानात जंतू वाढतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी २०१९ मध्ये नियमच केले आहेत. मे महिन्यात दही, श्रीखंड, पनीर असलं काही देऊ नका. आपल्या पुण्याईपायी कुणाचं पोट बिघडायला नको.

ताटं, वाट्या, ग्लास: कागदी चांगले की सुपारीच्या पानाचे की स्टील?

स्टील. भाड्याने मिळतं, मंडपवाल्याकडे असतं, बऱ्याच केटररकडे स्वतःचं असतं. फक्त मागावं लागतं, कारण धुण्याची माणसं वाचवायला तो आपणहून ‘डिस्पोजेबल देऊ ना?’ असंच विचारतो.

कागदी कपाबद्दल गैरसमज फार आहे. त्याच्या आत पातळ प्लॅस्टिकचा थर असतो, नाहीतर चहा झिरपून बाहेर आला असता. त्या थरामुळे तो धड कागदात जात नाही, धड प्लॅस्टिकमध्ये. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की १०० मिलिलिटर गरम पेय अशा कपात पंधरा मिनिटं राहिलं तर साधारण २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण त्यात उतरतात. चहाला काचेचा ग्लास किंवा चिनी मातीचा कप घ्या. कटिंग काचेच्या ग्लासातच लागतो, याबद्दल ठाण्यात तरी दुमत नसावं.

सुपारीच्या झावळीच्या बुडाशी जो रुंद पापुद्रा असतो, त्याच्या ताटल्या खरोखर कुजतात. पळसाच्या पत्रावळी आणि द्रोणही. पण द्रोण घेताना उलटा करून बघा. आतून चकचकीत प्लॅस्टिक चिकटवलेले द्रोण बाजारात सर्रास मिळतात, वरून पान आणि आत पिशवी. नखाने कड उचकटली तर पारदर्शक पापुद्रा सुटून येतो. आला की तो माल परत करा.

‘कंपोस्टेबल’ छापलेले चमचे आणि कप यांच्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आहे का ते पाहा. नुसतं हिरवं पान छापणं कुणालाही जमतं. आणि खरे असले तरी ते खत प्रकल्पाच्या उष्णतेत कुजतात, सोसायटीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात.

स्टील धुवायला पाणी जातं, त्याचं काय?

जातं. पण किती, ते धुणाऱ्यावर आहे. नळ सोडून ठेवून धुतलं तर भरपूर जातं. तीन टबांत धुतलं तर थोडक्यात भागतं: पहिल्यात खरकटं काढलेलं ताट बुडवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. पहिल्या टबाआधी ताट पुसून खरकटं ओल्या कचऱ्यात गेलं पाहिजे, नाहीतर गटारच तुंबतं. पाटीवर ‘कृपया ताट रिकामं करून ठेवा’ लिहून उपयोग होत नाही. तिथे एक माणूस उभा करा. लोक माणसासमोर लाजतात, पाटीसमोर नाही.

पाण्याच्या छोट्या बाटल्या नको तर काय?

वीस लिटरचे जार आणि स्टीलचे ग्लास. हॉलमध्ये फिल्टर असेल तर जारचीही गरज नाही. निमंत्रणात ‘आपली बाटली आणा’ लिहा, निम्मे लोक आणतात. व्यासपीठावरच्या पाहुण्यांसमोर मात्र तांब्या-भांडं ठेवा, कारण फोटोत तेच दिसतं आणि खाली बसलेले तेच बघतात. सभागृहभर जार ठेवून अध्यक्षांपुढे सीलबंद बाटली ठेवली तर सगळा खटाटोप हास्यास्पद होतो.

अर्धी पिऊन टाकलेली बाटली हा फक्त प्लॅस्टिकचा प्रश्न नाही. नवी मुंबईचं पाणी मोरबे धरणातून, ठाण्याचं बरंचसं भातसा खोऱ्यातून येतं, आणि त्याच भागातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात.

कायदा काय सांगतो? दंड होतो का?

होतो. राज्याची प्लॅस्टिक आणि थर्माकोल बंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. त्यावर १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या काही वस्तूंवर बंदी आली. प्लॅस्टिकचे कप, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या डब्यावरचं आणि निमंत्रणपत्रिकेवरचं पारदर्शक वेष्टन, सजावटीचा थर्माकोल, फुग्यांच्या काड्या, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक किंवा पीव्हीसी बॅनर हे सगळं त्यात आहे. यादी वाचली की लक्षात येतं, ती जवळजवळ एखाद्या वाढदिवसाच्या सामानाचीच आहे.

दुसरी एक अट आयोजकांना सहसा ठाऊक नसते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी घातलेली ही अट अशी: परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक लोकांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं, आणि कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी आयोजकाची. सोसायटीच्या आवारातला किंवा मैदानावरचा कार्यक्रम यात सहज बसतो. ठाण्यात प्रभाग समितीकडे आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयात अर्ज द्या, कचरा उचलायची वेळ त्याच वेळी ठरवून टाका. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद, हे सांगायला नको.

बॅनर, स्टेज आणि फुलांचं काय करू?

बॅनरवर तारीख छापू नका. वर्ष छापलं की तो त्याच रात्री कचरा होतो. संस्थेचं नाव कापडावर एकदा छापून घ्या, वर्ष आणि विषय बदलता येणाऱ्या पट्टीवर. चौकाचौकांतले शुभेच्छांचे फ्लेक्स हा पर्यावरणाचा कमी आणि कार्यकर्त्यांच्या फोटोंचा प्रश्न जास्त आहे. तो माझ्या हातात नाही.

मोठा एलईडी पडदा लावला की बॅनर वाचतो, पण वीज जाते. आतल्या सभागृहात त्याचा पूर्ण उजेड डोळ्यांनाही सोसत नाही, तो अर्ध्यावर आणायला सांगा.

फुलं सुटी घ्या, झेंडू-शेवंती, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुच्छ नको. फोमच्या विटेत खोचलेली सजावट नकोच. तो हिरवा फोम प्लॅस्टिकचाच असतो आणि चुरा होऊन नाल्यात जातो. दुसऱ्या दिवशी फुलं खतासाठी द्या.

कार्यक्रम खाडीकाठच्या लॉनवर असेल तर बीम लाइट आणि फटाके वगळा. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पक्षी तिथे असतात आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच.

आम्ही प्रदर्शन भरवतो. स्टॉलमुळे सगळ्यात जास्त कचरा होतो, तो कमी कसा करायचा?

ज्यांनी प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशीची संध्याकाळ पाहिलीय त्यांना वेगळं सांगायला नको. सहाला प्रदर्शन संपतं, साडेसहाला हातोडे सुरू होतात. प्लाय आणि एमडीएफचे स्टॉल खिळ्यांसकट मोडले जातात, वर चिकटवलेलं व्हिनाइल सोलायला कुणालाही वेळ नसतो, कारण रात्रीतून हॉल रिकामा करून द्यायचा असतो. तीन दिवस पायाखाली असलेलं नॉनवोव्हन कार्पेट गुंडाळून टेम्पोत. त्यातलं चांगलं लाकूड भंगारवाला वेचतो, उरलेलं डम्पिंगवर.

आयोजक म्हणून नियम तुमच्या हातात आहे. बुकिंगच्या फॉर्मवरच अट घाला: अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, ऑक्टोनॉर्म पद्धतीचे स्टॉल सगळ्यांना. लाकडी स्टॉल हवा असेल त्याने अनामत ठेवायची आणि सामान परत नेल्याची पावती दाखवून ती सोडवून घ्यायची. अनामतीची रक्कम नेण्याच्या खर्चापेक्षा जास्त असेल तरच ही अट चालते. कार्पेट फक्त स्टॉलच्या आत घाला, गल्ल्या मोकळ्या राहू द्या. फरशी चांगली असते. आणि मोडायला रात्रीची वेळ देण्याऐवजी पुढच्या दिवसाची दुपारपर्यंतची वेळ विकत घ्या. हॉलचं भाडं वाढेल, पण घाईत जे तोडलं जातं ते नीट खोलून परत वापरता येईल. इतक्या गोष्टींत सगळ्यात जास्त फरक या अर्ध्या दिवसाने पडतो, आणि बजेटमधून पहिला उडतोही तोच.

स्टॉलवर वाटायची माहितीपत्रकं क्यूआर कोडवर द्या.

एसी आणि जनरेटर?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सकाळ-संध्याकाळचा कार्यक्रम उघड्यावर किंवा पंख्यांवर होतो. मे महिन्यात नाही होणार, उगाच पाहुण्यांचा घाम काढू नका. एसी २४ अंशांवर ठेवा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते. सूट घातलेले अध्यक्ष सोडले तर कुणाची तक्रार येत नाही. सभागृह भरायच्या दोन तास आधीपासून एसी चालू ठेवण्याची हॉलवाल्यांची सवय मोडा.

जनरेटर राखीव म्हणून असावा, पहिल्यापासून चालू नको. मैदानावर असाल तर महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन वेळेत मागा. १०० लिटर डिझेल म्हणजे २७० किलो कार्बन डायऑक्साइड, शिवाय मंडपाच्या मागे झोपलेल्या वस्तीला रात्रभर धूर आणि आवाज. आमच्या एका कार्यक्रमात मंडपवाल्याने दिव्यांच्या भाराच्या तिप्पट क्षमतेचा सेट आणून ठेवला होता, ‘लहान शिल्लक नव्हता’ म्हणून. मोठा सेट हलक्या भारावरही डिझेल पीतच राहतो. ऑर्डर देताना किलोवॅटचा आकडा लिहून द्या.

पाहुण्यांना रोप दिलं तर चांगलं ना?

कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या पायऱ्यांवर, रिक्षा स्टँडच्या कठड्यावर, खुर्च्यांखाली ती रोपं बघा. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, मुळं गुदमरलेली. कळव्याच्या चौथ्या मजल्यावर राहणारा माणूस जांभळाचं रोप घेऊन लोकलमध्ये कसा चढणार? फारच इच्छा असेल तर ज्यांना हवं त्यांनी टेबलावरून न्यावं असं ठेवा.

शाल-श्रीफळातला नारळ निदान खाल्ला जातो. शाली मात्र प्रत्येक सत्कारमूर्तीच्या घरी गठ्ठ्याने पडलेल्या असतात. अॅक्रिलिकची स्मृतिचिन्हं तर कुणी टाकतही नाही आणि ठेवतही नाही. किट बॅग, पेन, पॅड, फोल्डर असा संच आपोआप मागवू नका. बिल्ले पीव्हीसीऐवजी कागदी पुठ्ठ्याचे करा, गळ्यातली पट्टी जाताना परत घ्या, त्यावर तारीख नसली की पुढच्या वर्षी चालते.

कचऱ्याचे रंगीत डबे ठेवले तरी सगळं एकत्रच होतं. का?

कारण डबे लांबलांब एकेकटे ठेवलेले असतात. ओला आणि सुका नेहमी जोडीनेच ठेवा, एकटा डबा दिसला की त्यात सगळं पडतं. जोड्या कमी ठेवा, पण प्रत्येक जोडीपाशी माणूस हवा. त्याला हातमोजे, जेवण आणि नीट मजुरी द्या. सुका कचरा स्थानिक कचरावेचक महिलांच्या गटाला देता आला तर बघा. त्यांच्याइतकी पारख दुसऱ्या कुणाला नसते. पुठ्ठा, पेट बाटली, दूध पिशवी त्या डोळे झाकून वेगळी करतात.

नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये देशात तिसरी आली होती. शहराचा हा पाया तयार आहे, आयोजकाने फक्त त्यात मिसळलेला कचरा ओतू नये.

आयएसओ किंवा ‘कार्बन न्यूट्रल’ प्रमाणपत्र घ्यावं का?

आयएसओ २०१२१ हे कार्यक्रमांच्या शाश्वत व्यवस्थापनाचं मानक आहे, २०१२ मधलं, लंडन ऑलिम्पिकच्या निमित्ताने आकाराला आलेलं. ते तुमची काम करण्याची पद्धत तपासतं, तुमचा मेळावा ‘हिरवा’ होता असा शिक्का मारत नाही. दरवर्षी मोठी प्रदर्शनं भरवणाऱ्या कंपनीला त्याचा उपयोग आहे. रोटरीच्या सभेला नाही.

कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कुणी कमी केलेल्या कार्बनचं श्रेय, विकत घेऊन ‘न्यूट्रल’ म्हणवणं मला पटत नाही. आधी कमी करा, मग उरलेल्याचं बोलू. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत कार्यक्रम भरवण्याच्या उद्योगाने ‘नेट झिरो कार्बन इव्हेंट्स’ असा संकल्प जाहीर केला, तेव्हापासून ‘झिरो’ शब्द फार स्वस्त झालाय.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर केरळ बघा. २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत त्यांनी ‘ग्रीन प्रोटोकॉल’ राबवला, फेकून द्यायच्या वस्तूंऐवजी धुऊन वापरायच्या वस्तू. पुढे लग्नसमारंभांपर्यंत ते गेलं.

खर्च वाढतो का?

काही ठिकाणी वाढतो, काही ठिकाणी उतरतो. स्टील आणि धुणारी माणसं महाग. आखूड मेन्यू, खरी गॅरंटी, न छापलेले अहवाल, न घेतलेल्या किट बॅगा यांत पैसे उरतात. माझ्या अनुभवात जेवणातली बचत बाकीचं सगळं भागवते.

आमची सोसायटीची सभा म्हणजे जेमतेम ऐंशी माणसं. आम्हाला हे कशाला?

तुम्हाला सगळ्यात सोपं. माणसं लिफ्टने खाली येतात, प्रवास शून्य. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते आणि चौदा दिवस आधी नोटीस जाते. तेव्हाच हिशेबपत्रकं ईमेलवर पाठवा, ज्येष्ठांना मागितल्यास छापील द्या. समोसा-वेफर्सचे प्लॅस्टिकबंद बॉक्स बंद करा. घरून आपापला कप आणा म्हटलं तर खरंच आणतात, आणि सेक्रेटरीच्या कपावरून दहा मिनिटं थट्टा चालते.

परिणाम मोजायचा कसा?

चार आकडे लिहून ठेवा: नोंदणीच्या वेळी ‘कसे आलात’ हे विचारून मिळालेली संख्या, जळलेलं डिझेल, विजेची युनिटं आणि ओल्या कचऱ्याचं वजन. विजेला युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. कचरा तोलायला टांगता काटा पुरतो. पुढच्या वर्षीच्या समितीला हाच कागद द्या.

कार्यक्रम परवावर आलाय. आता काही होऊ शकतं का?

हॉल बदलणार नाही, बॅनर छापून आलाय. पण ग्रुपवर गाड्यांच्या वेळा टाका आणि एकाच भागातल्यांनी एकत्र यावं असं सांगा. पाण्याच्या बाटल्यांची ऑर्डर रद्द करून जार मागवा, ते तासाभरात येतात. उष्ट्याच्या टबापाशी कोण उभं राहणार त्याचं नाव ठरवा. आणि केटररला आजच फोन करून खरा आकडा द्या. उद्या पहाटे तो एपीएमसीत भाजी घ्यायला गेलेला असेल.